माझे एकशेवीस तास

इंग्रजीची आणि माझी ओळख पाचवीत झाली. त्या काळी मराठी शाळांत ती पाचवीतच व्हायची. पुढे बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि 'प्लीज फाइंड एन्क्लोज्ड हिअरविथ' एवढ्या एका वाक्यावर वीस वर्षे नोकरी काढली. अशा माणसाने परदेशात इंग्रजी शिकवायला जायचे ठरवले, तेव्हा बायको एवढेच म्हणाली, "ऊन लागलं वाटतं." अमरावतीच्या मे महिन्यात या निदानावर वाद घालता येत नाही.

खरे कारण बदली. घर अमरावतीत, शाखा अकोल्यात. जायला जवळजवळ शंभर किलोमीटर, यायला तेवढेच. हिशेब केला, तर वर्षाकाठी पृथ्वीला सव्वा प्रदक्षिणा होते. एवढे करून पोचायचे कुठे, तर अकोल्याला! त्यापेक्षा खरोखरच परदेश काय वाईट?

चौकशी केली. बऱ्याच ठिकाणी बी.एड. लागत नाही म्हणे. कुठलीही पदवी आणि 'टेफल' नावाचा एकशेवीस तासांचा अभ्यासक्रम. एकशेवीस तासांत मास्तर! आधी हसलो. मग आठवले, जून 2022 मध्ये आमच्याच मार्गावर लोणी ते माना 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत करून गिनेस बुकात नाव गेले. तेवढ्यात रस्ता होतो, तर मास्तर का होऊ नये? उलट चौदा तास सत्तावीस मिनिटे शिल्लकच राहतात.

शिवाय ही वाट जुनीच. सम्राट हेले सेलासींच्या राज्यात भारतातले हजारो शिक्षक इथिओपियाच्या शाळांत शिकवायला गेले होते. आता मात्र माणसाची मातृभाषा आधी विचारतात. चीनला जन्मापासून इंग्रजी बोलणारेच हवेत. थायलंड म्हणते, तसे नसाल तर आधी इंग्रजीची परीक्षा देऊन दाखवा. जपान सरकार 1987 पासून शाळांत परदेशी साहाय्यक नेते, त्याला कुठल्याही विषयाची पदवी चालते. 'कुठल्याही' या शब्दावर माझ्या बी.कॉम.चा ऊर भरून आला. पासपोर्टच्या कामासाठी एक दिवसाची रजा टाकली.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर एक म्हातारी उभी.

"भाऊ, काल कुठी गेलते जी? दोन डाव आली मी. थ्या पोरानं समदं इंग्रजीत सांगतलं. मजुरी बुडाली ना बाप्पा!"

कागद पाहिला. 'इनऑपरेटिव्ह. केवायसी पेंडिंग.' म्हटले, "माय, तुहं खातं निजलं आहे. आधार कार्ड अन् अंगठा दे, उठवतो त्याले."

"मंग असं सरळ सांगा नं!"

मागे रांगेत आणखी चौघे असेच कागद धरून उभे होते. सगळ्यांची खाती उठवता उठवता जेवायची सुट्टी गेली.

रात्री घरी पोचलो. बायकोने पान वाढत विचारले, "मग, जायचं ठरलं?"

"ठरलं. उद्या सकाळीच."

"कुठे?"

"अकोल्याला. डबा लवकर कर."