नकाशाच्या मधोमध मिलम

मिलम या गावावर संग्रहालयात प्रदर्शन मांडायचं, तर भारताचा नेहमीचा नकाशा भिंतीवर लावू नये, हे माझं पहिलं आणि ठाम मत. त्या नकाशात हे गाव उत्तराखंडात पिथौरागढ जिल्ह्याच्या वरच्या टोकाला, तिबेटच्या सीमेशी चिकटलेलं दिसतं आणि पाहणारा ‘दुर्गम’ म्हणून मोकळा होतो. मिलमच्या शौका व्यापाऱ्यांना ते मुळीच पटलं नसतं. उन्हाळ्यात उंटाधुराची खिंड ओलांडून ते तिबेटातल्या ग्यानिमाच्या बाजाराला जात. धान्य, गूळ, कापड देऊन मीठ, लोकर, टाकणखार आणत. थंडीत गाव खाली उतरे आणि तोच माल बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेत विकला जाई. तेव्हा नकाशा मिलम मधोमध धरून नव्याने काढावा. दोन्हीकडच्या वाटा त्यात सारख्याच ठळक असाव्यात.

पुढच्या दालनात एक जपमाळ हवी. याच गावचे नैनसिंह रावत १८६५ साली ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्यासाठी वेश पालटून निघाले आणि १८६६च्या जानेवारीत ल्हासाला पोचले. त्यांच्या माळेत १०८ऐवजी १०० मणी होते. शंभर पावलं झाली की एक मणी ओढायचा. माळ संपली की दहा हजार पावलं. टिपणं प्रार्थनाचक्रात दडवलेली. अशी माळ काचेआड ठेवू नये. ती लोकांच्या हाती द्यावी, पावलं मोजत दालनातून फिरू द्यावं. शंभरापर्यंतही मन जागेवर राहत नाही, हे ज्याचं त्याला कळेल. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ साली त्यांना दिलेल्या सुवर्णपदकाची प्रतिकृतीही ठेवावी, पण जरा बाजूला. तिबेटची बोली, तिथल्या चालीरीती, वाटांची माहिती ही गावाने पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली शिदोरी होती. तिच्याशिवाय ते पदक मिळतं ना.

मग १९६२. चीनशी युद्ध झालं, सीमा बंद झाली, व्यापार थांबला, मिलमची घरं ओस पडली. इथे नुसती पडक्या भिंतींची छायाचित्रं लावण्याचा मोह होईल, तो आवरावा. भिंती पडल्या तरी माणसं आहेत. मिलम ज्या खोऱ्यात आहे, त्या जोहारच्या बायका आजही मागावर दन, म्हणजे लोकरीचे गालिचे, विणतात. त्यांचा माग दालनात चालता असावा आणि विणणारीला तिची मजुरी मिळावी.

शेरसिंह पांगती यांनी खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या मुनस्यारीत जोहारच्या वस्तूंचं संग्रहालय उभं केलं आहे. हे प्रदर्शनही आधी मुनस्यारीतच उघडलं पाहिजे आणि फलकांवर काय लिहायचं, ते तिथल्या जाणत्यांना विचारूनच ठरलं पाहिजे. दिल्ली-मुंबईचा विचार त्यानंतर.