एक घसरण, एक चहा

पावसाळा लागला की आमच्या वस्तीत दोन कामे एकदम निघतात. एक, पत्र्यावर ताडपत्री टाकून वर विटा ठेवणे. दुसरे, माळ्यावर पडलेल्या आमच्या सॅका खाली काढणे. पहिल्या कामाला घरात कोणाची ना नसते. दुसऱ्या कामाच्या वेळी मात्र आई दरवर्षी तेच म्हणते, "घरात गळतंय तेवढं पुरत नाही, म्हणून डोंगरावर भिजायला चाललात का?" या प्रश्नाचे उत्तर आम्हाला इतक्या वर्षांत सापडलेले नाही. आम्ही गुपचूप सुकटीची चटणी मागतो आणि तीही बडबडत डबा भरून देते.

आम्ही म्हणजे कल्याण ते अंबरनाथ या पट्ट्यातली नऊ माणसे. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर असलेले आमचे पुढारी. त्यांना आम्ही मुकादम म्हणतो, कारण डोंगरावर ते तसेच ओरडतात. नगरपालिकेतून निवृत्त झालेले एक काका. दवाखान्यात परिचारिका असलेल्या ताई. प्राथमिक शाळेतल्या बाई. कॉलेजात जाणारी चार मुले-मुली. आणि एका कारखान्यात कंत्राटावर काम करणारा आमचा धाकटा. थंडीत मुकादम दोर लावून कातळ चढतात आणि आम्हालाही चढवतात. पावसात ते काम बंद असते. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर शेवाळ धरले की भल्याभल्यांची बोटे टिकत नाहीत, आणि भिजलेला नायलॉनचा दोर जड होतो, त्याची ताकदही थोडी घटते. म्हणून पावसात आम्ही फक्त पायी चढतो. मुकादम तरी दोर बरोबर घेतातच. विचारले तर म्हणतात, "हातात पाना नसला की फिटरला उघडंउघडं वाटतं."

मागच्या पावसाळ्यात आम्ही राजमाचीला गेलो. शनिवारी लोणावळ्याहून तुंगार्लीच्या बाजूने पंधरा-सोळा किलोमीटर चालत पायथ्याच्या उधेवाडीत मुक्काम, आणि रविवारी दुसऱ्या बाजूने कोंढाणे लेण्यांवरून खाली कर्जतला, असा बेत. समुद्रावरून आलेला वारा या घाटाच्या भिंतीला थडकतो, वर चढतो, गार होतो आणि अंगावरचे सगळे ओझे इथेच टाकतो. मुंबईत वर्षाला सव्वादोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर लोणावळ्याच्या माथ्यावर चार हजारांच्या वर. त्यातला निम्मा त्या दोन दिवसांत आमच्याच डोक्यावर पडला, असे बाईंचे ठाम मत आहे.

आमचा एक जुना नियम आहे : एक घसरण, एक चहा. जो खाली बसेल त्याने दहा रुपये चहाच्या फंडात टाकायचे. हिशेब बाईंकडे. त्यांची वही प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली असते. स्वतःचे कपडे भिजले तरी चालतील, पण वही भिजता कामा नये. घसरण कशाला म्हणावे यावर दरवेळी वाद होतो. एक हात टेकला तर ती घसरण नाही. दोन्ही हात टेकले तर पंचांचा निर्णय. बूड टेकले तर मात्र अपील नाही. काका पहिल्याच चिखलात सपशेल बसले आणि उठून म्हणाले, "सह्याद्रीच्या पार्श्वभूमीवर आमचीही पार्श्वभूमी उमटली." बाईंनी शांतपणे लिहिले : काका, एक.

वाटेत गुरे घेऊन निघालेला एक गाववाला भेटला. "उधेवाडी किती लांब?" "हे काय, आलंच." तासभर चालून दुसरा भेटला. "हे काय, आलंच." डोंगरातल्या माणसांचे 'आलंच' आणि आमच्या स्टेशनावरचे 'गाडी थोड्याच वेळात येत आहे' यांचे जवळचे नाते असावे. दोन्हींवर विश्वास ठेवला तरच माणूस मुक्कामी पोचतो.

उधेवाडीत एका घरी पाठ टेकली. चुलीजवळ अठरा मोजे ओळीने वाळत टाकले. त्यांच्या वासाने घरातली मांजर बाहेर पावसात जाऊन बसली, असे कॉलेजची मुले अजून सांगतात. भाकरी, पिठले, भात आणि आईची सुकटीची चटणी. घरच्या मावशींनी चटणी चाखली आणि कशी केली ते ताईंकडून नीट विचारून घेतले. मग रात्रभर कौलांवर पाऊस. आमच्या पत्र्यावर वाजतो तोच. पण इथे बादली कुठे ठेवायची याची काळजी आमची नव्हती, म्हणून तो गोड लागला.

रविवारी सकाळी श्रीवर्धन किल्ला चढलो. राजमाचीचे दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन. त्यांतला श्रीवर्धन उंच. वरच्या बुरुजावर उभे राहून मुकादमांनी हात लांब करून दाखवायला सुरुवात केली, "हा समोर ढाकचा डोंगर. ही तिकडे नागफणी. आणि हे खाली उल्हास नदीचं खोरं." समोर होते नुसते पांढरे धुके. दिशा कोणतीही असो, रंग एकच. तरी आम्ही माना डोलावल्या. धाकटा म्हणाला, "पुढच्या खेपेला घरूनच पांढरी चादर आणू. चढायचा त्रास वाचेल."

तो सकाळपासून घड्याळ बघत होता. त्याला त्या रात्री आठच्या पाळीला हजर व्हायचे होते. कंत्राटातल्या माणसाची रजा म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. खाडे वाढले तर पुढच्या महिन्यात नाव राहील याची खात्री नाही. म्हणून लवकर निघालो आणि कोंढाण्याच्या घसरड्या वाटेने उतरायला लागलो. त्या उतारावर बाईंच्या पेन्सिलीला उसंत मिळाली नाही. स्वतः बाई दोनदा बसल्या आणि दोन्ही वेळा आधी वही वर धरली.

दीड वाजता लेण्यांपाशी पोचलो. चैत्यगृहाच्या कमानीसमोर वरून पाण्याचे पडदे पडत होते. थोडे पुढे गेलो आणि थबकलो. वाटेतला ओढा, जो एरवी बूट काढून सहज ओलांडतात, तो मातकट होऊन धावत होता. फांद्या वाहत येत होत्या. पाण्याच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता. तळाचे धोंडे एकमेकांवर आपटत गडगडत होते.

धाकटा पुढे सरला. "मांडीपर्यंतच आहे. मी जातो. दोर धरा तुम्ही."

मुकादम म्हणाले, "नाही."

"मग कमरेला बांधा दोर."

"तेच तर करायचं नाही. पाय सुटला की पाणी तुला ओढणार आणि दोर तुला तिथंच अडकवणार. मग पाणी डोक्यावरून जातं. आम्ही काठावरून ओढू शकणार नाही."

"माझा खाडा पडेल."

"पडू दे. माणूस पडता कामा नये."

त्या वेळी कोणी विनोद केला नाही. धाकटा आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. बाकीच्यांत कायम नोकरीवाले होते, निवृत्तिवेतनवाले होते, आईबापांच्या जिवावर शिकणारे होते. थांबण्याचे पैसे एकट्या त्याच्याच खिशातून जाणार होते. हे आम्हा सगळ्यांना कळत होते आणि म्हणूनच कोणाला बोलता येत नव्हते. शेवटी म्हशी राखणारे एक म्हातारबाबा घोंगडी पांघरून आले आणि म्हणाले, "वरती पडतोय तवर हितं उतरू नका. वड्याला तुमच्या घाईचं काय?"

आम्ही लेण्यात परतलो. ताईंनी धाकट्याच्या हातात भाकरी दिली आणि एवढेच सांगितले की, ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, तीही आधी नुसती पाण्यात उभीच होती. पाणी अंगावर यायला मिनिटेसुद्धा लागली नाहीत. मुकादमांनी काठावर पाण्याला टेकून एक दगड ठेवला. दगड बुडाला तर पाणी चढते आहे, कोरडा राहिला तर उतरते आहे. दर पंधरा मिनिटांनी एकेकाने जाऊन बघायचे. ही आमची पाळी.

बसल्या बसल्या काकांनी भोवतालची ओळख करून दिली. ही लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून माल घाटावर जाई, त्या वाटांच्या आसपास कोंढाणे, कार्ले, भाजे, बेडसे अशी लेणी कोरली गेली. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने भिक्खूंचा वर्षावास. पावसात फिरताना नवे कोवळे गवत आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार आली. तेव्हा भगवान बुद्धांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घालून दिला.

मुकादम म्हणाले, "म्हणजे आपण नऊ जण अडीच हजार वर्षांचा नियम मोडून आलो."

काका म्हणाले, "म्हणून तर ओढ्याने बसवलं."

पहिल्यांदा धाकटा हसला. मग काकांनी दर्शनी बाजूचे एक भग्न शिल्प दाखवले. त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीत कोरले आहे की, हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केले. धाकट्याने बराच वेळ ती अक्षरे न्याहाळली आणि विचारले, "पावसात काम बंद पडलं की याला मजुरी मिळत असेल का?" काकांना उत्तर देता आले नाही. आम्हालाही नाही.

चारच्या सुमारास पाऊस थांबला. साडेचारला दगड कोरडा. साडेपाचला पाणी त्याच्यापासून हातभर खाली. डोंगरातला ओढा जसा झटकन चढतो तसा उतरतोही. त्याला फक्त वेळ द्यावा लागतो. सहाला तळाचा गडगडाट थांबला आणि पाणी गुडघ्याच्या खाली आले. मग आम्ही सॅकेचे पट्टे सैल केले, म्हणजे पडलोच तर ओझे चटकन टाकता यावे. एकमेकांचे दंड धरले, सर्वांत भक्कम माणूस प्रवाहाच्या बाजूला ठेवला आणि एकेक पाऊल चाचपत पलीकडे गेलो. म्हातारबाबा म्हशींसह आमच्या आधीच पार झाले होते आणि आमची वरात बघून हसत होते.

कोंदिवड्यातून एका टेंपोने कर्जतला सोडले तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. रेंज आल्यावर धाकट्याने कारखान्यात फोन केला. काय बोलणे झाले ते त्याने सांगितले नाही. गाडी बदलापूरकडे धावत होती आणि बाहेर अंधारात जवळच कुठेतरी उल्हास नदी वाहत होती. २६ जुलै २००५ ला हीच नदी बदलापूर-कल्याणच्या वस्त्यांत शिरली होती. आमच्यातल्या काहींनी ती रात्र पोटमाळ्यावर काढलेली आहे. तिचा उगम याच राजमाचीच्या डोंगरात होतो. वर आम्ही जिच्याशी थट्टा करतो ती खाली आमच्या दारात येते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

बाईंनी वही काढली. दोन दिवसांत चौतीस घसरणी, म्हणजे तीनशे चाळीस रुपये. त्यांनी ते मोजून धाकट्याच्या हातात ठेवले. त्याने हात मागे घेतला. "मला कशाला? ते चहाचे आहेत."

मुकादम म्हणाले, "चहाचेच आहेत. तुझ्या खाड्याचे निम्मे डोंगराने भरले. उरलेले आम्ही आठ जण भरणार. थांबायचं सगळ्यांनी ठरवलं, तर खाडाही सगळ्यांचा."

"त्यातले साठ रुपये माझेच आहेत. मी सहा वेळा पडलो."

"पाच," बाई म्हणाल्या. "एकदा नुसते हात टेकले होते."

त्यावरून अंबरनाथ येईपर्यंत वाद चालला.

वाचकहो, पावसात डोंगरावर जायचे असेल तर जरूर जा, मुलाबाळांनाही न्या. पण सुट्टीच्या हिशेबात अर्धा दिवस थांबण्यासाठी धरा. गढूळ पाणी, वाहत्या फांद्या आणि दगडांचा आवाज, यांपैकी एक जरी दिसले-ऐकू आले तरी काठावरच बसा. बरोबर कोणी रोजंदारीवरचा असेल तर त्याच्या खाड्याचे काय करायचे हे निघण्यापूर्वीच ठरवा, म्हणजे ओढ्याकाठी त्याला एकट्याला धीट व्हावे लागणार नाही.

पुढच्या रविवारी आम्ही भेटलो तेव्हा धाकट्याचे काम टिकले होते. बूट मात्र टिकले नव्हते. आईने विचारले, "झालं का भिजून?" आम्ही हो म्हणालो आणि डबा परत केला. बाईंच्या वहीत त्या सहलीची शेवटची ओळ अशी आहे : 'ओढा. माणसे नऊ. घसरण नाही.' चहा मात्र मुकादमांनी पाजलाच.