मानपाड्याहून मानपाड्याला... आणि पुढे!

ठाणे जिल्ह्यात मानपाडा नावाची दोन ठिकाणं आहेत, हे ठाऊक आहे का? एक ठाण्याच्या घोडबंदर रोडवर, दुसरं डोंबिवलीजवळ, कल्याण-शीळ रस्त्यावर. दोन्हीकडे आता उंच इमारती आणि हॉर्नचा कलकलाट. पण ज्याच्या घरात धड सायकल आहे, त्याच्यासाठी हे दोन मानपाडे म्हणजे एका झकास सफरीचे पहिले दोन थांबे! चला तर मग, मारा टांग!

ठाण्याच्या मानपाड्यात उभं राहिलं की एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला येऊरचा डोंगर. हा डोंगर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा पूर्वेकडचा भाग. शंभर चौरस किलोमीटरहून थोडं मोठं हे जंगल ठाणे आणि मुंबई यांच्या मधोमध पसरलं आहे. मानपाड्याच्या पुढच्या एका वस्तीचं नावच बघा ना, वाघबीळ! वाघ आता नाहीत. पण बिबटे आहेत. २०१५ सालच्या कॅमेरा-ट्रॅप पाहणीत उद्यान आणि त्याच्या आसपास ३५ बिबटे मोजले गेले. म्हणजे मानपाड्यातल्या मुलांना बिबट्याचे शेजारीच म्हणायचं!

या शेजाऱ्याच्या घराजवळून एक रस्ता वर जातो. पोखरण रोडने उपवन तलावाशी यायचं आणि येऊर गावाच्या डांबरी रस्त्याला लागायचं. इथे सायकलस्वाराची खरी परीक्षा. साध्या सायकलला पुढे ४८ दाते आणि मागे १८ दाते असतील, तर पायडल एकदा फिरवल्यावर मागचं चाक अडीचहून जास्त वेळा फिरतं. सपाटीवर मजा, चढावर दमछाक! डोंगरी सायकलीला पुढे २२ आणि मागे ३४ दाते लावता येतात. मग एका फेरीत चाक जेमतेम पाऊण फेरीही घेत नाही. वेग कमी, पण पायावरचा भारही कमी. तुम्ही गोगलगायीसारखे, पण न उतरता वर पोचता.

ही डोंगरी सायकल जन्मली कशी, तेही गमतीदार आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरीन परगण्यात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटायचे. १९७६ साली त्यांनी शर्यत सुरू केली. तिचं नाव ‘रीपॅक’. सायकलींना पायडल उलटं दाबून लागणारा ब्रेक असे. उतारावर तो इतका तापे, की आतलं ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोचल्यावर पुन्हा ग्रीस भरावं लागे. पुन्हा भरणं, म्हणून रीपॅक! पुढे वीसच वर्षांत, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, हा खेळ सामील झाला.

पण त्याच मरीनमध्ये पुढे अनेक पायवाटा सायकलींना बंद झाल्या, बरं का! त्यामागचं एक कारण येऊरला नीट समजतं. ओल्या मातीत टायरची चाकोरी पडते, पावसाचं पाणी त्या चाकोरीतूनच धावतं आणि माती वाहून नेतं. शिवाय सायकल आवाज न करता येते. वळणावर एखादं जनावर असेल तर ते दचकतं. आणि दचकलेलं जनावर काय करील, सांगता येत नाही. म्हणून येऊरच्या डांबरी रस्त्यावरून आत जाणाऱ्या पायवाटा कितीही खुणावत असल्या, तरी चाक तिकडे वळवायचं नाही. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि पहाट व संध्याकाळ ही तर बिबट्याची वेळ. जंगल बघायचंय? मानपाड्यात वनखात्याचं निसर्ग परिचय केंद्र आहे. सायकल बाहेर ठेवायची, रीतसर आत जायचं आणि चालायचं. पायी चालताना पक्षीही जास्त दिसतात.

मग सायकलवरून रानोमाळ भटकायचं तरी कुठे? त्यासाठीच तर दुसरा मानपाडा! थंडीच्या दिवसांत, घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, भल्या सकाळी कळवा, मुंब्रा, शीळफाटा असे निघा. पंचवीसेक किलोमीटरवर डोंबिवलीचा मानपाडा येतो. ट्रकची वर्दळ फार, तेव्हा एकामागे एक, डाव्या कडेनेच. पुढे कल्याण आणि मुरबाडचा रस्ता. हळूहळू इमारती मागे पडतात, कापलेल्या भाताची खाचरं लागतात आणि समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते.

अशा सफरीत बिऱ्हाड सायकलवरच बांधायचं. यालाच हल्ली ‘बाइकपॅकिंग’ म्हणतात. हलकं अंथरूण-पांघरूण हँडलला, कपडे सीटखाली आणि जड सामान, म्हणजे पाणी, पाना, पंप, जास्तीची ट्यूब, मधल्या त्रिकोणात. जड ओझं हँडलवर टांगलं तर सायकल लडबडते. याच पद्धतीने सामान बांधून माणसं कुठच्या कुठे जातात! वेदांगी कुलकर्णी या मराठी मुलीने २०१८ साली १५९ दिवसांत सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, सुमारे २९,००० किलोमीटर!

आपली मजल मात्र वैशाखरे गावापर्यंत, कल्याणहून सुमारे पन्नास किलोमीटर. इथून ‘नानाचा अंगठा’ हा सुळका दिसतो. त्याच्या कुशीत आहे नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कल्याण, सोपारा या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला जायचा. वरच्या गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात कोरलेले आकडे म्हणजे आपल्या अंकांचे पूर्वज! जवळच मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. ही वाट दगडी पायऱ्यांची. इथे डोंगरी सायकलसुद्धा निकामी. गावात कुणाला तरी विचारून सायकल ठेवायची आणि चढायला लागायचं. येऊरला जंगलासाठी उतरलो, इथे डोंगरासाठी.

एवढी मोठी मजल एकदम नको हं! येत्या रविवारी दप्तरातली चार जाड पुस्तकं सायकलच्या त्रिकोणात घट्ट बांधा आणि घराजवळच्या एखाद्या चढावर जाऊन या. मग तीच पुस्तकं हँडलला लटकवून पुन्हा जा. फरक तुमच्या हातांनाच कळेल.