जर्मन भाषा आणि आपली लेकरे

शाळेत बाबासाहेबांना संस्कृत नाकारण्यात आली. फारसी घ्यावी लागली. तोच विद्यार्थी कोलंबिया विद्यापीठात जर्मन शिकला आणि १९२१ साली अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी बॉन विद्यापीठात दाखल झाला. इतिहास शिकविताना हे आम्ही आवर्जून सांगतो. ज्ञानाची एक वाट अडविली, तर दुसरी शोधता येते.

देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्याच परिसरात, चाकणला, आज फोक्सवॅगन, मर्सिडीजचे कारखाने आहेत. आपल्या वस्तीतील कित्येक हात या पट्ट्यात कंत्राटावर राबतात. त्यांची लेक पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकायची म्हणाली, की पालक विचारतात, "सर, याने पोट भरेल का?"

प्रश्न रास्त आहे. भाषांतर, अध्यापन, कंपनीतील पत्रव्यवहार अशी कामे मिळू शकतात. पण तेवढ्यावर थांबू नये. हेर्मान ओल्डेनबर्ग यांनी १८८१ मध्ये बुद्धचरित्र लिहिले ते जर्मनमध्ये. 'महावंस'चे संपादन करणारे विल्हेल्म गायगरही जर्मनच. शिवाय, नाझी राजवटीने केलेला नरसंहार तो देश आपल्या मुलांना शाळेत शिकवितो. स्वतःच्या अन्यायाकडे समाजाने डोळे उघडून कसे पाहावे, हे अस्पृश्यतेचा इतिहास सोसलेल्या आपल्या लेकरांनी मुळातून वाचावे.

माजी विद्यार्थ्यांनो, अशा एका मुलीच्या शुल्काचा भार उचला. कारखान्याच्या फाटकाशी पोहोचलेली पिढी ग्रंथालयाच्या दारातूनही आत जावी.

जय भीम!