वीस वर्षं फिरेल असा चरखा

मी वर्ध्यात सूतकताईची छोटी यंत्रं बनवतो. नवं यंत्र काढू पाहणारी मुलं सल्ल्याला आली की त्यांच्यापुढे मी 1929 सालच्या अटी ठेवतो. त्या वर्षी अखिल भारतीय चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. परदेशातल्या कारागिरांनाही भाग घेता येत होता. चरखा हलका हवा, झोपडीत हातानं किंवा पायानं चालावा. बाईला फारसं न दमता आठ तासांत 12 ते 20 नंबरचं 16,000 गज सूत कातता यावं. तो भारतात 150 रुपयांच्या आत तयार व्हावा, वीस वर्षं टिकावा आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या 5 टक्क्यांवर जाऊ नये.

म्हणजे मिनिटाला 33 गज सूत आणि वर्षाकाठी साडेसात रुपये दुरुस्ती! किर्लोस्करवाडीचं यंत्रही स्पर्धेत होतं. बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

मुलं गजांचा आकडा बघून चकित होतात. मला मात्र दुरुस्तीची अट सगळ्यात कठीण वाटते. नमुना कारखान्यात सुरेख फिरतो, पण विकलेलं यंत्र आपल्या डोळ्याआड चालायचं असतं. माझे पहिले वीस चरखे सेलू तालुक्यातल्या एका केंद्रात गेले आणि दोन महिन्यांत चात्या अडकू लागल्या. मी गेलो. एक ताई केसातल्या पिनेनं चातीच्या बुडातून कापसाची धूस ओढून काढत होत्या. ग्रीसला चिकटून तिची काळी वात झाली होती. "भाऊ, हे खोलाचं कसं?" त्यांनी विचारलं. उत्तर नव्हतं, कारण झाकण मी रिव्हेट मारून बंद केलं होतं. आता तिथे रुपयाच्या नाण्यानं फिरणारा स्क्रू आहे आणि आत ग्रीस नाही.

युरोपात 2021 पासून वॉशिंग मशीनचे सुटे भाग, मॉडेल बंद झाल्यावरही निदान दहा वर्षं पुरवणं उत्पादकाला बंधनकारक आहे. तिथल्या नव्या कंपनीला हा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा लागतो. आपल्याकडे चरख्याला असा कायदा नाही, तरी मी तो खर्च धरतो.

अडचणी खऱ्या आहेत. बेअरिंगवाला पाचशे नगांखाली बोलत नाही, साच्यात पैसा अडकतो आणि मोठ्या संस्थांची बिलं सहा-सहा महिने रखडतात. पण वर्ध्यासारखी जागा दुसरी नाही. 1938 साली उघडलेल्या मगन संग्रहालयात जुने चरखे समोरासमोर बघता येतात, कापूस शिवारात आहे आणि चूक दाखवणाऱ्या कातणाऱ्या बाया एसटीच्या तासाभराच्या अंतरावर.

त्या पहिल्या तुकडीतले चौदा चरखे अजून चालतात. त्यांची चाती नव्या मॉडेलला बसत नाही. तिचं माप घेणारा गेज मी लेथशेजारी खिळ्याला टांगून ठेवला आहे.