सापडणारे दप्तर

वस्तू ठेवणे आणि ठेवलेली वस्तू सापडणे ह्या दोन निराळ्या कला आहेत. पहिली बहुतेकांना साधते, दुसरी फारच थोड्यांना. आपल्या घरातील जुन्या बायका जमिनीचे उतारे, शिधापत्रिका आणि मुलांचे बाप्तिस्म्याचे दाखले पत्र्याच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घड्यांखाली जपून ठेवीत. कागद सुरक्षित असे. पण तो कोणत्या घडीखाली आहे हे एकट्या आईलाच ठाऊक. आई देवाघरी गेली की ट्रंक घरात राही आणि तिची किल्लीही राही. हरवत असे ती फक्त आईची आठवण. मग भावंडे सगळी ट्रंक अंगणात उपडी करीत. आज घरोघरी आणि चर्चच्या कचेरीत आलेला संगणक ही अशीच एक ट्रंक आहे. तिच्यात मावते पुष्कळ, पण सापडण्याची हमी ती आपण होऊन देत नाही.

संगणकाच्या पडद्याला 'डेस्कटॉप' म्हणजे मेजाचा पृष्ठभाग असे नाव पडले ते उगाच नव्हे. १९४५ साली व्हॅनेव्हर बुश ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने एका लेखात 'मेमेक्स' नावाच्या काल्पनिक यंत्राचे वर्णन केले. ते यंत्र म्हणजे एक मेजच होते. माणसाने आपली पुस्तके, टिपणे आणि पत्रे त्यात साठवावीत आणि हवी तेव्हा क्षणात समोर आणावीत, अशी त्याची कल्पना होती. ज्ञान साठवण्यात आपण पटाईत झालो, ते शोधून काढण्यात मात्र मागे राहिलो, ही त्याची खंत होती. पुढे १९८१ साली झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' संगणकावर कागद आणि फोल्डर ह्यांची चित्रे पडद्यावर आली. १९८४ च्या मॅकिन्टॉशने आणि १९९५ च्या विंडोजने ती सामान्य माणसापर्यंत पोहोचवली. मेज आले आणि मेजाबरोबर पसाराही आला.

दप्तर सांभाळणे हा आपल्या ख्रिस्तसभेचा जुना धर्म आहे. त्रेंतच्या विश्वपरिषदेने १५६३ साली प्रत्येक धर्मग्रामात विवाहांची नोंदवही ठेवण्याचा आदेश दिला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि कुटुंबांची गणती अशा पाच वह्यांचे नमुने घालून दिले. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचे ५३५ वे कलम हीच जबाबदारी आजच्या धर्मगुरूवर सोपवते. सेमिनरीत हे कलम शिकताना ते रुक्ष वाटे. कचेरीतल्या खुर्चीवर बसू लागल्यावर त्याच्या मागची माया दिसू लागली. ज्याचे नाव कोणत्याही इतिहासात येणार नाही अशा शेतकऱ्याचे, कोळ्याचे, मोलकरणीचे नाव त्याच्या आईबापांसह आणि सोयऱ्यांसह कुणीतरी शाईने लिहून ठेवावे, ही ती माया.

धर्मग्रामातला धर्मगुरू काही वर्षांनी बदलतो. संगणक मात्र तोच राहतो. त्यामुळे त्याच्या पडद्यावर अनेक हातांची वस्ती असते. 'नवीन', 'नवीन दोन', 'अंतिम', 'अंतिम खरे', 'फादरांचे' अशा नावांच्या फायली तेथे सुखाने नांदत असतात. त्यांपैकी कोणते फादर आणि कोणते अंतिम, हे नव्याने आलेल्याने कसे ओळखावे? म्हणून ह्या मेजाला शिस्त लावणारी लहानसहान साधने मी गेली काही वर्षे शोधत आणि वापरून पाहत आलो आहे.

त्यांतले सर्वांत उपयोगी पडले ते 'एव्हरीथिंग' नावाचे विंडोजवरचे छोटेसे मोफत साधन. आपण नावाची दोनचार अक्षरे लिहू लागताच ते जुळणाऱ्या सर्व फायलींची यादी पुढे ठेवते. ही जादू नव्हे. विंडोजच्या तबकडीवर प्रत्येक फाइलची नोंद असलेला एक मुख्य तक्ता आधीपासूनच असतो. हे साधन एकेक कपाट उघडत बसत नाही, तो तक्ताच वाचते. मात्र ते मुख्यतः नाव पाहते, आतला मजकूर नाही. मजकुरासाठी विंडोजचा स्वतःचा शोध बरा. 'फेन्सेस' नावाचे दुसरे एक साधन पडद्यावरची चिन्हे चौकटींत वाटून देते: एका चौकटीत दाखले, दुसरीत मिस्साविधीचे कागद, तिसरीत शाळा. रोज लागणाऱ्या फोल्डरचा नुसता शॉर्टकट मेजावर ठेवावा आणि मूळ फोल्डर आत, आपल्या जागी राहू द्यावा, ही युक्ती तर कोणत्याही साधनाशिवाय जमते.

पण साधनावर फार विसंबू नये. गूगलने २००४ साली आपल्या संगणकातील फायली शोधून देणारे 'गूगल डेस्कटॉप' काढले. पुष्कळांना त्याची सवय लागली आणि २०११ साली कंपनीने ते बंद केले. ज्यांनी फायलींना नीट नावे दिली होती, त्यांचे काहीच बिघडले नाही. सारे शहाणपण फाइलच्या नावात घालावे. साधने येतील आणि जातील. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिला की फायली आपोआप कालक्रमाने रांगेत उभ्या राहतात. आपल्या सवयीप्रमाणे दिवस आधी लिहिला तर जानेवारीची पहिली तारीख आणि डिसेंबरची पहिली तारीख शेजारी शेजारी येऊन बसतात. तारखेतली तिरकी रेघ विंडोज नावात घेतच नाही, म्हणून आडवी छोटी रेघ वापरावी.

ही कल्पनाही जुनीच आहे. गोव्याचे अभिलेखागार १५९५ सालचे; इतिहासकार दियोगु दु कोतु हा त्याचा पहिला रक्षक. तेथील एका प्रसिद्ध ग्रंथमालेला 'मोसमी पावसाची पुस्तके' अशा अर्थाचे पोर्तुगीज नाव आहे. लिस्बनची जहाजे मोसमी वाऱ्यांबरोबर जो राजाचा पत्रव्यवहार घेऊन येत, तो त्या पुस्तकांत बांधला जाई. कागद कोणत्या पावसाळ्यातला, हे कळले की तो कोणत्या बाडात पाहावा ह्याचा अंदाज येई. नाव हेच तिथे वाट दाखवी.

आपल्या वसईकडची खरी अडचण मात्र माणसांच्या नावांची आहे. एकच आडनाव एका वहीत डिमेलो, दुसरीत दिमेलो आणि इंग्रजी नोंदीत तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते. वहीत लॅटिनमधला 'योहान्नेस' आहे, शाळेच्या दाखल्यात 'जॉन' आणि गावात सगळे त्याला 'जॉनू' म्हणतात. एकाच आळीत एकाच नावाचे चौघे निघतात. यंत्राला सोयरीक कळत नाही. त्याला केवळ अक्षरे कळतात. म्हणून आमच्या सूचीत नावाबरोबर आईचे माहेरचे नाव आणि आळी हे दोन रकाने मी घालून घेतले. अडल्या वेळी बहुधा आईच कामाला येते.

दुसरी अडचण लिपीची. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच जागा मिळाली होती. तरी त्यानंतरही कित्येक वर्षे आपली परिपत्रके आणि पत्रके श्रीलिपीसारख्या त्या काळच्या फॉन्टांत जुळवली जात. डोळ्यांना तिथे उत्तम मराठी दिसते. पण संगणकाच्या पोटात ती इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ असते. 'पुनरुत्थान' असा शोध घेतला तर ईस्टरचे एकही प्रवचन हाती लागत नाही. अशा फायलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे आणि त्या आधी निदान त्यांची नावे युनिकोडमध्ये लिहिणे, हे काम आमच्या तरुणांनी सुट्टीत हाती घेतले. त्यांच्या आजोबांनी देवळाच्या भिंती बांधताना जशी सेवा केली, तशीच ही सेवा आहे असे मी मानतो.

इतके सारे करावे ते कशासाठी? मध्यंतरी कुवेतहून एका परिचारिकेचा फोन आला. लग्न महिन्यावर आले होते आणि तिकडच्या धर्मगुरूंनी तिच्याकडे बाप्तिस्म्याचा ताजा दाखला मागितला होता. तिने सांगितलेल्या वर्षात नोंद नव्हती. आईच्या माहेरच्या नावाने शोधताच पुढच्या वर्षाच्या वहीत ती मिळाली. वहीचे पान आणि अनुक्रमांक दोन्ही पडद्यावर आले. कचेरीतील मुलगी म्हणाली, "फादर, पानाचा फोटो आहेच की आपल्याकडे. त्यावरूनच दाखला लिहून देऊ?"

मी तिला कपाटातली वही आणायला सांगितले. बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारचा समास हा तिचा जिवंत भाग असतो. दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा, व्रतबंध ह्यांचे शेरे आयुष्यभर त्याच समासात येत राहतात आणि दाखल्यावर ते आलेच पाहिजेत, असे संहिता सांगते. फोटो ज्या दिवशी काढला त्या दिवसापुरता खरा असतो; वहीतला समास मात्र माणसाबरोबर पुढे चालतो. लग्नास मोकळी कोण आणि बांधलेली कोण, हे समासच सांगतो. त्या मुलीच्या समासात गेल्या वर्षीच शेजारच्या धर्मग्रामातून कळवलेला दृढीकरणाचा शेरा शाईने लिहिलेला होता. फोटो त्याच्याही आधीचा होता. संगणकाने वाट झटकन दाखवावी. साक्ष मात्र वहीनेच द्यावी.

चटकन सापडणे हे सर्वच कागदांच्या बाबतीत भल्याचे नसते. दत्तक मुलाची नोंद, विवाह न्यायमंडळाचा पत्रव्यवहार, एखाद्या घरातील दुःखाचे पत्र हे दोन अक्षरे टाइप करताच कुणाही स्वयंसेवकाच्या डोळ्यांपुढे येऊ नये. धर्मप्रांताच्या कार्यालयात एक गुप्त दप्तर असावे आणि त्याची किल्ली फक्त बिशपांपाशी असावी, असे धर्मविधिसंहितेत सांगितले आहे. धर्मग्रामातही तोच विवेक हवा. असे कागद मी संगणकावर ठेवीतच नाही. कुलपाच्या कपाटाला पर्याय नाही. उरलेल्या फायलींची एक प्रत निराळ्या तबकडीवर, निराळ्या इमारतीत आणि वरच्या मजल्यावर असते. २६ जुलै २००५ चा पाऊस ज्यांनी पाहिला, त्यांना वरचा मजला का, हे सांगावे लागत नाही.

एके दुपारी एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांना कोणताही दाखला नको होता. त्यांची आई ते तान्हे असतानाच वारली होती. घरात तिचा फोटोही नव्हता. "तिचं नाव लिहिलेलं आहे का, एवढंच बघायचं होतं, फादर," ते म्हणाले. सूचीत ते नाव मिळायला क्षणही लागला नाही. मी मृत्यूंची वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, त्या ओळीवर बोट ठेवले आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. मग वही स्वतःच्या हाताने मिटून उठले.

संत ऑगस्टीन आपल्या 'कबुलीजबाब' ह्या ग्रंथाच्या दहाव्या भागात स्मरणशक्तीचे वर्णन करतात. काही आठवणी हाक मारताच पुढे येतात, काही खोल कोठारातून ओढून काढाव्या लागतात, तर काही न बोलावता गर्दी करतात, असे ते सांगतात. आपल्या संगणकांचे आणि त्यांवरील साधनांचे ह्याहून नेमके वर्णन मी वाचलेले नाही. परंतु ऑगस्टीन त्या कोठारात हिंडतात ते देवाच्या शोधात. आपणही ही सारी कपाटे आणि फायली नीट लावतो ती माणसांसाठी. यशया संदेष्ट्याने आपली नावे देवाच्या तळहातावर कोरलेली पाहिली. तिथे सूची लागत नाही आणि कुणी हरवतही नाही. तोवर पृथ्वीवरचे हे दप्तर आपल्या स्वाधीन आहे. आपल्या मागून येणाऱ्या अनोळखी माणसाला ते सापडेल अशा रीतीने ठेवणे, हीही शेजाऱ्यावरची प्रीतीच आहे.