मी बी

लहानीचं पहिलं वाक्य दोनच अक्षरांचं होतं: "मी बी." आई, जीजी, भू हे शब्द आधीच आले होते, पण वाक्य हेच पहिलं. ताई दप्तर भरायला बसली की "मी बी". दादा आजोबांच्या मागे कन्हान नदीकडे निघाला की "मी बी". दादाच्या ताटातला ठेचा दिसला तेव्हाही "मी बी". जीभ पोळली, डोळे भरले, तरी हात पुन्हा त्याच ताटाकडे.

मोठीच्या वेळची एक वही माझ्याकडे आहे. पहिला दात, पहिल्यांदा पालथी पडली तो दिवस, अकराव्या महिन्यातलं पहिलं पाऊल, सारं तारीखवार. ती मांडीवर होती तेव्हा, २०१५ च्या अखेरीस, आमच्या रामाकोन्यावरून जाणारी रेल्वेची छोटी लाईन बंद पडली, तेही मी टिपून ठेवलंय. दादाच्या वाट्याला दोन पानं आली. लहानीच्या पानावर फक्त जन्मतारीख, आणि खाली "जिल्हा पांढुर्णा". तिच्या जन्माच्या थोडं आधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, नवा जिल्हा झाला. मोठी दोघं छिंदवाडा जिल्ह्यातली, ही पांढुर्णा जिल्ह्यातली. घर तेच, पाळणाही तोच. बाकी पान कोरं राहिलं आणि त्याचं मला फार वाईट वाटायचं.

ती चाललीही उशिरा. चौदावा महिना संपत आला तरी भिंत सोडेना. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या देशासह पाच देशांतली मुलं पाहून २००६ मध्ये सांगितलं होतं की एकट्याने चालणं साधारण आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत केव्हाही येऊ शकतं. हे मला ठाऊक होतं. पण रात्री झोपलेल्या लेकराचे तळवे चोळताना असं ठाऊक असून काय होतं!

शेवटी ते पाऊल पडलं तेव्हा मी भाकरी थापत होते. दादा ओरडत आला, "मम्मी, लहानी चालली ना! चार पावलं. मी मोजली." पीठभरल्या हातांनी धावले, तोवर ती खाली बसली होती. विचारलं, "कुठं चालली होती रे?" तो म्हणाला, "माझ्या बॉलकडे."

मोठीने पहिलं पाऊल टाकलं ते माझ्या पसरलेल्या हातांकडे. लहानीने टाकलं भावाच्या चेंडूकडे. ते ऐकलं आणि कोऱ्या पानाची खंत थोडी निवली. तिची नोंद ठेवणारी दोघं घरात होतीच, आणि ती माझ्याहून बारकाईने बघत होती.

बोलणंही ती त्यांच्याकडूनच उचलते. त्यांची शाळा हिंदी, म्हणून खेळही हिंदीत. लहानी आजीपुढे हात पसरते तेव्हा "दे" म्हणते आणि भावंडांपुढे "दो". कुणापुढे कुठला शब्द चालतो, हे तिला कुणीच शिकवलेलं नाही. सासूबाई म्हणतात, "लेकरू लेकरातच वाढते." मला मात्र आत कुठेतरी भीती होती, या दोघांच्या मागे धावता धावता हिचं स्वतःचं असं काही उरेल का?

मग गेल्या वर्षीचा तान्हा पोळा आला. पोळ्याचा दुसरा दिवस. त्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीचा खेळ, असते आणि मोठ्यांच्या बोलण्यात तेवढंच असतं; माझा जीव लेकरांच्या लाकडी बैलांत. आमचा बैल सागाचा, आधी ताईचा, मग दादाचा, आता लहानीचा. एका शिंगाचं टोक उडालेलं, एक चाक अडतं. दादाने त्याला नवी झूल घातली, दोरी तिच्या हातात दिली. "चल ना, बोजारा मिळते."

मी "मी बी"ची वाट पाहत होते.

"नाही," ती म्हणाली.

दादाने दोरी ओढून पाहिली. तिने बैल दोन्ही हातांनी धरला, ओसरीवर आडवा केला, दोरीवर वाळत घातलेली माझी ओढणी खेचून त्याच्या अंगावर टाकली आणि थोपटायला लागली. वरून तिचं ते आं-आं गाणं. बाहेर लेकरांचा गलका, बैलांच्या चाकांची खडखड. तिने मान वर केली नाही. दोघं भावंडं तिच्याविना गेली.

तासाभराने दादा परतला. हातात बोजारा: मूठभर चॉकलेटं, दोन नाणी. तो पायरीवरच थांबला, कारण लहानीने ओठांवर बोट ठेवलं होतं. त्याने चपला काढल्या, एक चॉकलेट बैलाच्या तोंडाशी ठेवलं, तिच्याजवळ मांडी घालून बसला आणि ओढणीवर हळूहळू थोपटू लागला.